‘डबा तर भरला ना, आई!’

या आठवड्याचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. थोडं कमी करून देतो.

“सर, मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच असतो. माझा मुलगा आमच्याच शाळेत सातवीत आहे. गेल्या वर्षी आम्ही व्हरांड्यात बिनदुकानदाराचं दुकान सुरू केलं. टेबलावर पेनं, खोडरबर, आलेखवह्या, आणि शेजारी फट पाडलेला पत्र्याचा डबा. वस्तू घ्या, पैसे टाका. शनिवारी मोजलं की साठ-सत्तर रुपये कमी भरायचे. मग असं ठरलं, की एकेका वर्गाने एकेक महिना दुकान सांभाळायचं आणि तूट न येणाऱ्या वर्गाला फिरता चषक द्यायचा. त्या दिवसापासून हिशोब पैशाला पैसा जुळू लागला. परिपाठात टाळ्या झाल्या. गेल्या आठवड्यात कळलं, की सातवीचा मॉनिटर दर शुक्रवारी प्रत्येकाकडून दोन-दोन रुपये गोळा करून तूट भरत होता. आणि माझ्या मुलाच्या दप्तरात दुकानातली चार कोरी पेनं सापडली. विचारलं तर म्हणाला, ‘डबा तर भरला ना, आई! दोन रुपये मी पण दिलेत.’

“बी.ए.ला मला तत्त्वज्ञान होतं. सॉक्रेटिसच्या ‘सद्गुण म्हणजे ज्ञान’ या मतावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. या मुलाला चोरी वाईट हे ज्ञान नाही असं कसं म्हणू? तो परिपाठात सुविचार सांगतो! सासूबाई म्हणतात, हे मुळातच असावं लागतं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. यांचं म्हणणं, सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावू. चारित्र्य शिकवता येतं का हो, सर? की मी दर आठवड्याला नुसता खडू झिजवतेय?”

प्रिय बाई,

‘बाई’ म्हटलेलं चालेल ना? शाळेतल्या बाईंना दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुमच्या मुलाचं वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतक्या थोडक्यात मला कुणी अडवलं नव्हतं. खरं सांगू का, शाळेने जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याच्या वर्गाने बरोबर दिलंय. शाळेने विचारलं, डबा भरला का? सातवीने भरून दाखवला. उत्तर असं आलं की आधी प्रश्नपत्रिका तपासायची असते, हे शिक्षकांना मी काय सांगणार!

तुमचा प्रश्न मात्र फार जुना आहे. प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद त्याच प्रश्नाने सुरू होतो. रामराम नाही, बसा नाही, थेसलीहून आलेला मेनो नावाचा श्रीमंत तरुण सॉक्रेटिसला थेट विचारतो: सद्गुण शिकवून येतो, की सरावाने येतो, की उपजतच असतो? तुम्ही आणि तुमच्या सासूबाई दोघीही त्या एका वाक्यात बसता. सॉक्रेटिसचं उत्तर त्याच्या स्वभावाला साजेसं, चिडवणारं. म्हणतो, शिकवता येतो का ते राहू दे, सद्गुण म्हणजे काय हेच मला माहीत नाही.

पुढे ॲनिटस नावाचा एक वजनदार माणूस तिथे येऊन बसतो. कातडी कमावण्याचा धंदा, राजकारणात ऊठबस. सॉक्रेटिस त्याला विचारतो, मुलाला सद्गुण शिकवायचा तर पाठवायचं कोणाकडे? ॲनिटस म्हणतो, त्यात काय, अथेन्समधला कुठलाही भला माणूस पुरे. मग सॉक्रेटिस एकेक नाव काढतो. थेमिस्टोक्लिस, ज्याच्या जोरावर अथेन्सने इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसची समुद्रातली लढाई जिंकली, त्याचा मुलगा क्लिओफँटस. बापाने त्याला असा घोडेस्वार केला होता, की पळत्या घोड्यावर उभं राहून भाला फेकायचा. आणि तो बापासारखा शहाणा, भला निघाला असं कोणी कधी म्हटलं का? नाही. न्यायी म्हणून ज्याची ख्याती त्या अरिस्टायडिसचा मुलगा? अथेन्सचा थोर पुढारी पेरिक्लिस, त्याची दोन मुलं? घोडा, संगीत, कुस्ती, सगळ्यांत तयार. तेवढंच. ज्या बापांनी पोरांना पैशाने मिळेल ते सगळं शिकवलं, त्यांना आपल्याजवळची सगळ्यांत मोलाची गोष्ट तेवढी शिकवायची नव्हती, असं तर होणार नाही!

ॲनिटस भडकतो. लोकांबद्दल वाईट बोलायची तुला सवय आहे, जरा जपून राहा, असं बजावतो. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर तरुणांना बिघडवल्याचा खटला झाला, त्यात फिर्यादींपैकी एक हाच ॲनिटस. आणि झेनोफन लिहितो, की या ॲनिटसचा स्वतःचा मुलगा पुढे दारूत बुडाला. झेनोफन सॉक्रेटिसचा माणूस, तेव्हा हे सांगताना त्याला थोडा आनंद झाला असणार.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, तुमच्या पत्रात एक ओळ होती जी मी वर गाळली: ‘शिक्षिकेचाच मुलगा असा निघाला.’ बाई, पेरिक्लिसच्या रांगेत बसायला लाजू नका. मीही त्याच रांगेत आहे. वर्गात ॲरिस्टॉटल शिकवायचो आणि परीक्षा संपली की उरलेल्या कोऱ्या पुरवण्या घरी आणायचो. चांगला जाड कागद. माझ्या मुलीने चौथीपर्यंतची गणितं त्यांवर केली. एकदा तिच्या मैत्रिणीने विचारलं, हे कागद कुठून आणता? मुलगी सहज म्हणाली, बाबांच्या कॉलेजात फुकट मिळतात. फुकट! मी शेजारच्या खोलीत होतो आणि पेपर वाचायचं सोंग करत होतो.

असो. सॉक्रेटिसचं ‘सद्गुण म्हणजे ज्ञान’ तुम्ही पंधरा मार्कांचं लिहिलंत, मी त्याला आज दोन ओळी देतो. त्याचं म्हणणं असं, की जाणूनबुजून कोणी स्वतःचं वाईट करत नाही. जो वाईट करतो त्याला ते आपलंच नुकसान आहे हे खरोखर कळलेलं नसतं. सारी मेख ‘खरोखर’ या शब्दात आहे, आणि ती उकलण्याचं काम पुढे ॲरिस्टॉटलने केलं.

ॲरिस्टॉटल उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा गावचा, इ.स.पू. ३८४ चा जन्म. बाप मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य. वैद्याघरचा असल्यामुळे असेल, त्याच्या नीतिशास्त्रात रोगी आणि औषध वारंवार येतात. सतराव्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत आला, वीस वर्षं राहिला, आणि इ.स.पू. ३३५ मध्ये अथेन्समध्येच लायसियम ही स्वतःची शाळा काढली. नीतीवरची त्याची जी व्याख्यानं त्याच्या मुलाच्या किंवा वडिलांच्या नावाने, दोघांचंही नाव निकोमाकस, ओळखली जातात, त्यांच्या सातव्या भागात तुमचा परिपाठ आहे. तो म्हणतो, एखाद्याला चांगलं काय ते तोंडाने सांगता येतं म्हणून त्याला ते कळलंय असं धरू नका. दारू चढलेला माणूसही एम्पेडोक्लिस या जुन्या तत्त्वज्ञाच्या कविता घडाघडा म्हणतो. नव्याने शिकणारा विद्यार्थीही वाक्यं ओळीने जोडून दाखवतो, पण त्याला ती अजून कळलेली नसतात. ती त्याच्यात मिसळून जावी लागतात, त्याच्याबरोबर वाढावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

तुमचा मुलगा सुविचार सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो अजून जोडाजोडीच्या पायरीवर आहे. मुरायचं बाकी आहे.

मुरायला काय लागतं? इथे आपल्या भाषेने आपल्यावर उपकार करून ठेवलेत. ग्रीकमध्ये सवयीला ‘एथॉस’ म्हणतात, आणि त्यातला पहिला ‘ए’ लांबवला की होतो स्वभाव, शील. ॲरिस्टॉटल हा फरक मुद्दाम दाखवतो: शील हे सवयीपासून आलंय, शब्दात बदल केवढा, तर स्वर लांबवण्याइतका. मराठीत आपल्याला तेवढाही बदल करावा लागत नाही. अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लावायचं असतं, आणि लावलेलं अंगवळणी पडतं. लहानपणी पाटीवर आजी माझा हात धरून ‘ग’ गिरवून घ्यायची. चार दिवसांनी हात सोडायची. ‘ग’ म्हणजे काय यावर तिने मला भाषण दिल्याचं आठवत नाही.

गंमत म्हणजे हीच उपमा प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’मध्येही आहे. लिहिता न येणाऱ्या मुलांना मास्तर पाटीवर लेखणीने रेघा आखून देतो आणि त्या धरून लिहायला लावतो. नगराचे कायदे म्हणजे तशाच आखून दिलेल्या रेघा, असं तिथे प्रोटागोरस, फी घेऊन सद्गुण शिकवणारा त्या काळचा नावाजलेला पंडित, म्हणतो. सद्गुणाचा शिक्षक कोण, यावर त्याचं उत्तर सॉक्रेटिसपेक्षा मला जास्त पटतं. तो म्हणतो, ग्रीक बोलायला मुलांना कोण शिकवतं ते शोधा बरं. एकही मास्तर सापडणार नाही, कारण सगळेच शिकवत असतात. दाई, आई, बाप, मुलाबरोबर फिरणारा गडी, पहिल्या बोबड्या शब्दापासून सगळे लागलेले असतात: हे कर, ते करू नको, हे बरं, ते वाईट. सासूबाईंच्या ‘जित्याची खोड’ला आपल्याकडेच तोडीस तोड उत्तर आहे, त्यांना सांगून पाहा: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. अर्थात त्या अगदीच चुकीच्या नाहीत. माणूस चांगला होतो तो तीन गोष्टींनी, असं ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो: निसर्गाने दिलेलं, सवय, आणि विचार. पहिली आपल्या हातात नाही, म्हणून तो उरलेल्या दोनांबद्दलच बोलत राहतो.

‘गुण’ हा शब्दही सोडवत नाही. आपण शाळेत गुण देतो, पोरं गुण उधळतात, आणि काढ्याचा गुण येतो. ‘सद्गुण’ असं ज्याचं भाषांतर तुम्ही-आम्ही परीक्षेत लिहिलं, तो ग्रीक शब्द ‘अरेटे’ यांतल्या काढ्याच्या गुणाला सगळ्यांत जवळचा आहे. डोळ्याचा अरेटे म्हणजे नीट दिसणं, घोड्याचा अरेटे म्हणजे नीट धावणं आणि शत्रूसमोर ठाम उभं राहणं. माणसाचा अरेटे म्हणजे माणूस म्हणून जे काम आहे ते नीट होणं. त्यात ‘सत्’ हे अक्षर आपण आपल्या पदरचं घातलं आणि तो शब्द देवघरात जाऊन बसला.

आता मुख्य गोष्ट, जी मला वाटतं तुमच्या शाळेच्या नजरेतून सुटली. ॲरिस्टॉटल म्हणतो, दगड वर फेकून त्याला वर जायची सवय लावता येत नाही, दहा हजार वेळा फेका. माणूस दगड नाही, त्याला सवय लागते. घरं बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, न्यायाने वागून न्यायी होतो. इथवर सगळे वाचतात, टाळ्या वाजवतात आणि थांबतात. पुढचं वाक्य धोक्याचं आहे. वीणा वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वीणा वाजवूनच वाईट वादक होतो. सराव दोन्हीकडे नेतो. (आमच्या वाड्यातल्या पेटीवाल्यांनी चाळीस वर्षं सराव करून हे सिद्ध केलं होतं.)

म्हणजे प्रश्न असा, की त्या दुकानात मुलं कशाचा सराव करत होती? चषक येण्याआधी काही मुलं पैसे टाकायचा सराव करत होती, काही न टाकायचा. साठ-सत्तर रुपयांची तूट हा त्या शाळेचा खरा ताप होता. चषकाने थर्मामीटर बर्फात बुडवला. त्यानंतर आख्खा वर्ग दर शुक्रवारी एकच सराव करत होता: तूट झाकण्याचा. ज्याने काही घेतलं नाही तोही दोन रुपये देऊन त्या सरावात सामील झाला. वळण लागलं, आणि टाळ्या वाजवून लागलं.

मॉनिटरबद्दल तुम्ही पुढे काही लिहिलं नाहीत. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पोरगा हुशार आहे. ठरवलेलं लक्ष्य गाठायची जी युक्ती लागते तिला ॲरिस्टॉटल वेगळं नाव देतो, आणि बजावतो की लक्ष्य चांगलं असेल तर ती कौतुकाची, वाईट असेल तर नुसती लबाडी. शहाणपणाला ही हुशारी लागते, पण ही हुशारी म्हणजे शहाणपण नव्हे. या पोराला बाराव्या वर्षी कळलं, की सर्वांकडून थोडं थोडं गोळा केलं की कोणाची चौकशी होत नाही. त्याला रागावू नका. दुकानाच्या मालाची खरेदी त्याच्याकडे द्या. घाऊक भाव काढू दे, कोणती पेनं खपतात ते पाहू दे. त्या डोक्याला काम हवंय.

आर्किटास नावाच्या एकाने केलेल्या खुळखुळ्याचं ॲरिस्टॉटलला मोठं कौतुक होतं. लहान पोरांना स्वस्थ बसवत नाही, तेव्हा खुळखुळा हातात दिला की घरातली भांडीकुंडी वाचतात. फिरता चषक म्हणजे मुख्याध्यापकांनी सातवीच्या हातात दिलेला खुळखुळा. काढून घ्या. बक्षिसाचं बक्षीस म्हणून मला वावडं नाही, धावण्याच्या शर्यतीला जरूर द्या. पण ॲरिस्टॉटलची कसोटी आठवा: माणूस बरोबर वागतो हे पुरेसं नाही. कळून करतो का, त्या गोष्टीसाठीच करतो का, आणि उद्याही तसंच करेल का, हे तीन बघायचे. शिवाय ते करताना त्याला बरं वाटतं की जिवावर येतं, यावरून आतलं वळण ओळखायचं. जे आवडायला हवं ते आवडण्याची आणि ज्याचा त्रास व्हायला हवा त्याचा त्रास होण्याची सवय लहानपणापासून लागली पाहिजे, हे त्याला प्लेटोकडून मिळालेलं, आणि त्याच्या लेखी खरं शिक्षण हेच. दहा रुपये डब्यात टाकून हलकं वाटणं ही ती आवड. तिथे चषक ठेवला की आवड चषकाला चिकटते. चषक दुसऱ्या वर्गात गेला की संपलं.

‘यांच्या’ सूचनेकडे येतो. सगळ्या शाळेसमोर माफी. नको. तरुणांना लाज असावी, असं ॲरिस्टॉटल स्वच्छ म्हणतो. ती मुलं भावनेच्या भरात चुकतात आणि लाज त्यांना आवरते. मोठ्या माणसाच्या लाजेचं तो कौतुक करत नाही, कारण लाज वाटेल असं त्याने मुळात करूच नये. (इथे मला त्या पुरवण्या पुन्हा आठवतात.) पण लाज आणि भीती वेगळ्या. बहुतेक लोक शिक्षेच्या भीतीने वाईट टाळतात, ते वाईट आहे म्हणून टाळत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. माइकसमोर उभं केलेल्या मुलाला पायांखालची जमीन दिसते, पेनं दिसत नाहीत. पुढच्या वेळी तो दप्तराचा आतला कप्पा वापरेल.

आणि तुमच्या मुलाची अडचण अशी आहे, की त्याला अजून लाज वाटण्याजोगं काही दिसलेलंच नाही. ‘दोन रुपये मी पण दिलेत’ हे त्याचं मनापासूनचं म्हणणं आहे. त्याच्या हिशोबात खातं बंद झालंय. तेव्हा हिशोबच मांडा, वही-पेन्सिल घेऊन, स्वयंपाकघरात बसून, आवाज न चढवता. पेन दहाचं धरू. चार पेनांचे चाळीस. महिन्यात चार शुक्रवार, त्याने दिले आठ. उरलेले बत्तीस कोणी दिले? त्याला नावं घेऊ द्या. शेजारी बसणाऱ्याने, मागच्या बाकावरच्याने, त्या मुलीने जी कधी दुकानाकडे फिरकलीही नाही. त्यांतल्या कोणाचे दोन रुपये खाऊचे होते, कोणाला घरी खोटं सांगून आणावे लागले, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. यापुढे तुम्ही काही बोलू नका. बोलावंसं वाटेल, आपल्या दोघांचाही पेशाच तो.

तुम्ही किती कडक व्हायचं, हेही सगळ्यांसाठी एकच नसतं. ॲरिस्टॉटल क्रोटनच्या माइलो पहिलवानाचं उदाहरण देतो: दहा मापं अन्न फार आणि दोन कमी, म्हणून तालीममास्तर सगळ्यांना सरसकट सहा वाढत नाही. माइलोला ती कमी पडतील आणि कालच आखाड्यात उतरलेल्याला जड होतील. तुमचं पोर निर्ढावलेलं असेल तर वेगळं औषध. पत्रावरून मला ते तसं वाटत नाही. निर्ढावलेला मुलगा पेनं दप्तरात कोरी ठेवत नाही, विकतो.

एक गोष्ट मला झाकायची नाही, कारण ती तुमच्याशी, बाई म्हणून आणि आई म्हणून, संबंधित आहे. ज्याच्या भरवशावर मी इतकं बोलतोय तो ॲरिस्टॉटल म्हणतो, की गुलामाला विचार करून ठरवण्याची शक्तीच नसते, आणि स्त्रीला असते पण तिचा अंमल चालत नाही. आणि त्याच अथेन्समध्ये मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, त्याच्या चालण्या-बोलण्यावर दिवसभर नजर ठेवणारा माणूस गुलाम असायचा. प्लेटोच्या ‘लायसिस’मध्ये सॉक्रेटिस एका चांगल्या घरच्या मुलाला विचारतो, तुझ्यावर हुकूम कोणाचा चालतो? तो म्हणतो, या माझ्या गड्याचा. सॉक्रेटिस म्हणतो, स्वतंत्र माणसावर गुलामाचा हुकूम, अजबच आहे! म्हणजे वळण लावायचं सगळं काम ज्यांच्या हातून होत होतं, त्या दाया, आया आणि गड्यांना सद्गुणाच्या वर्गात बसायची जागा नव्हती. त्याच्या तर्काने गेलं तरी हे टिकत नाही: जो हात धरून गिरवून घेतो त्याला स्वतःला अक्षर यायला नको? ॲरिस्टॉटलचं चुकलं ते इथे, आणि चूक छोटी नाही. मी ते वर्गात दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारायची, मग सर, आम्ही याला वाचायचं कशाला? मी म्हणायचो, कारण लायसियमच्या दाराबाहेर त्याने ज्यांना ठेवलं, त्यांचं काम त्याने फार नीट पाहून लिहिलंय.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, खडू झिजवण्याचं उत्तर तोच देतो. नुसत्या शब्दांनी माणसं चांगली झाली असती तर शब्दांना मोठा मोबदला मिळाला असता. शब्द बी आहेत. जमीन आधी नांगरलेली लागते. जे वैद्याचं सगळं मन लावून ऐकतात आणि सांगितलेलं काहीच करत नाहीत त्यांना गुण येत नाही. म्हणून मूल्यशिक्षणाचा तास फळ्यासमोर घेण्याऐवजी त्या व्हरांड्यात घ्या. शनिवारचा डबा मुलांनी मोजायचा, तूट फळ्यावर लिहायची, खाली ना सुविचार ना दंड. महिनाभर तूट वाढेल. मुख्याध्यापक कपाळाला हात लावतील. लावू देत. एकट्या घराने हे होत नाही, नगराने मिळून करायला हवं, असं ॲरिस्टॉटल तळमळून म्हणतो. बहुतेक गावांत जो तो सायक्लॉप्ससारखा, म्हणजे ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसासारखा, आपापल्या गुहेत आपापल्या बायका-मुलांवर राज्य करतोय, असं त्याला दिसत होतं. तुमचं नगर चाळीस-बेचाळीस पोरांचं आहे आणि त्याला व्हरांडा आहे. अथेन्सपेक्षा सोपं काम.

हे पत्र मुलाला वाचून दाखवू नका. आयुष्याचा अनुभव नसलेला आणि मनाच्या लहरीवर चालणारा पोरगा नीतीच्या व्याख्यानाला योग्य श्रोता नव्हे, हे व्याख्यानाच्या सुरुवातीलाच सांगून टाकणारा मास्तर म्हणून मला ॲरिस्टॉटल आवडतो.

त्याऐवजी असं करा. पेनं परत करू नका, त्याला ती वापरू द्या. दुकानातून वस्तू घ्यायची आणि पैसे टाकायचे, हे जे काम चार वेळा अर्धं राहिलंय ते पूर्ण होऊ द्या. चाळीस रुपये त्याच्या साठवणीतले, तुमच्या पर्समधले नकोत. दहा-दहा करून, चार दिवस. ते आठ यात धरायचे नाहीत, ते झाकण्याचे होते. प्रोटागोरसची फी घेण्याची एक रीत होती: मागितलेली फी जास्त वाटली तर शिष्याने देवळात जावं, शिकवण्याचं मोल आपल्याला किती वाटतं ते शपथेवर सांगावं आणि तेवढेच पैसे ठेवून जावं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं बिनदुकानदाराचं दुकानच ते.

पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्यासोबत जा आणि नोट डब्यात पडेपर्यंत शेजारी उभ्या राहा. उरलेले तीन दिवस त्याला एकट्याला जाऊ द्या, मधल्या सुट्टीनंतर, व्हरांडा रिकामा असताना. शिक्षक-खोलीची खिडकी त्या बाजूला असेल तर पाठ करून बसा. आणि शनिवारी डबा मोजला जाईल तेव्हा त्याचे चाळीस आले की नाही याची वेगळी बेरीज करू नका.

तुमचा,
सर